लाल चिमटा

त्या होडीवर एक नियम होता, आणि तो मोडणाऱ्याला जेवायला मिळणार नाही असं म्हातारा ठणकावून सांगायचा. रांधणारी त्याची लेकच होती, त्यामुळे धमकीत काही दम नव्हता. नियमात मात्र होता.

गॅसचा सिलिंडर होडीच्या मागच्या टोकाला, उघड्यावर, एका लाकडी पेटीत बांधलेला. त्याच्या डोक्यावर छोटं गोल चाक. स्वयंपाकाला बसायचं झालं की म्हाताऱ्याने पेटी उघडायची, चाक अर्धा फेरा फिरवायचं आणि पेटीतल्या दोरीला लावलेला लाल चिमटा काढून आपल्या कॉलरला लावायचा. चिमटा साधाच, कपडे वाळत घालायचा. खालून लेकीने "झालं!" म्हणून ओरडायचं, मग त्याने चाक बंद करून चिमटा परत दोरीवर लावायचा आणि "बंद!" म्हणून ओरडायचं. चिमटा कॉलरला असेपर्यंत त्याने खाली झोपायला यायचं नाही. कारण गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर खिडकीतून निघून तरी जातो. होडीत तो तळाशी साचत राहतो, आणि मग एक ठिणगी पुरते.

"चाक माझं, चूल तुझी," म्हातारा म्हणायचा. "कुणी कुणाच्या कामात नाक खुपसायचं नाही."

म्हातारा सुतार होता. ही होडी त्याने घरामागच्या अंगणात स्वतःच्या हाताने बांधलेली, आणि तिच्यापायी आयुष्यभर बायकोची बोलणी खाल्लेली. आता बायको राहिली नव्हती, होडी होती. तिला समुद्रापल्याड, थोरल्या मुलाच्या गावच्या बंदरात न्यायचं आणि उरलेले दिवस तिथेच तिच्यावर काढायचे, असं त्याने जाहीर करून टाकलं होतं. विचारलं नव्हतं, जाहीर केलं होतं.

पण थोरल्याच्या मनात वेगळंच होतं. अलीकडे बाबा विसरायला लागले होते. चष्मा फ्रीजमध्ये सापडला. नातवाला हाक मारताना नाव काही केल्या ओठांवर येईना, तेव्हा "अरे ए, हा" म्हणून वेळ मारून नेली, आणि सगळ्यांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं. निघायच्या आधी थोरल्याने धाकट्या बहिणीला बाजूला घेतलं. "तू सोबत जा. काही बोलू नकोस, फक्त बघ. जमतंय का त्यांना, ते पोचल्यावर मला खरं खरं सांग. नाही म्हणालीस, तर होडी विकायची आणि बाबा आमच्याकडे, खोलीत."

खोलीत हा शब्द त्याने प्रेमाने उच्चारला होता. धाकटीला मात्र तो टोचला. होडीपायी जन्म घालवलेला माणूस खोलीत बसून काय करणार, भिंती मोजणार?

तरीही ती आली. इस्पितळाच्या मोठ्या स्वयंपाकघरात ती मुख्य आचारी होती. प्रत्येकाच्या मागून एकदा जाऊन बघायचं ही तिची सवय, तिच्या हाताखालची माणसं या सवयीला वैतागलेली. तिथे चालतं ते इथे का चालू नये? म्हातारा "बंद!" म्हणायचा, खाली येऊन आडवा व्हायचा, घोरायला लागायचा, आणि ती पहाऱ्याला वर गेली की हळूच पेटीत हात घालून बघायची. उजव्या हाताने चाकाची उजवीकडची कड धरायची आणि आपल्याकडे ओढायची. आपल्याकडे ओढलं की बंद होतं, हे त्यानेच शिकवलेलं. चाक कधीही तसूभर हललं नाही. दर वेळी घट्ट बंद. दर वेळी तिला हायसं वाटायचं आणि थोडी लाजही वाटायची. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बघायचीच.

वादळ येणार हे सकाळीच कळलं. आभाळ खाली उतरलं होतं, लाटांचे माथे तुटून पांढरे व्हायला लागले होते.

"जे काय शिजवायचं ते आत्ताच शिजव," म्हातारा वरून म्हणाला. "नंतर चूल पेटवायची सोय राहणार नाही."

धाकटीने कमरेचा पट्टा चुलीसमोरच्या कडीत अडकवला. भर उन्हाळ्यात घालू नये असला जाड रेनकोट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून ती उभी राहिली. उकळतं पाणी अंगावर आलं तर कातडी शाबूत राहावी म्हणून. इस्पितळात एका वेळी शेकडो पानं वाढणारी बाई, इथे चार बटाटे उकडायचे म्हणजे तिच्या नाकी नऊ येत होते. चूल झोपाळ्यासारखी हलायची, त्यामुळे भांडं सरळ राहायचं आणि तीच तिरकी व्हायची. मोठ्या कुकरमध्ये तिने बटाटे, तांदूळ, मीठ आणि असतील नसतील तेवढे कांदे कोंबले. कुकरचं झाकण पक्कं बसतं. होडी उलटीपालटी झाली तरी जेवण जागेवर राहतं, म्हणून वादळात कुकर. दोन थर्मास गरम पाण्याने भरले. अंडी उकडून मोज्यांमध्ये घालून ठेवली, फुटू नयेत म्हणून.

"कुणाचे मोजे?" म्हाताऱ्याने वरून विचारलं.

"तुमचे. धुतलेले आहेत."

"मग चव कशी येणार?"

ती हसली. या प्रवासात म्हातारा असा हसवायचा तेव्हा थोरल्याचं बोलणं तिला खोटं वाटायचं. "झालं!" तिने ओरडून सांगितलं. वर पेटीचं झाकण आपटलं. "बंद!"

मग तो खाली आला. रात्रभर सुकाणू त्याच्याच हातात होतं, डोळे लाल झाले होते. वाऱ्यावर आपसूक चालणारं सुकाणू लावून, शीड रुमालाएवढं करून, तो दोन बाकांच्या मधल्या जमिनीवर गादी टाकून पडला. वादळात सगळ्यात कमी हलणारी जागा तीच. "तू वर थांब. काही वाटलं तर उठव," एवढं म्हणेपर्यंत त्याला झोप लागली.

धाकटी वर गेली. वारा एवढा वाढला होता की तोंड उघडलं तर गाल फुगत होते. अशात पेटीपर्यंत जायचं म्हणजे वेडेपणा होता, पण तिला चैन पडेना. आज तर बघायलाच हवं, नाही का? आज चाक उघडं राहिलं आणि काही झालं, तर वाचवायला कोण येणार इथे?

कमरेचा दोर अडकवून ती सरपटत मागे गेली. उजव्या हाताने कठडा गच्च धरला, तो सोडायची प्राज्ञा नव्हती. डावा हात पेटीत घातला, चाकाची कड चाचपली आणि आपल्याकडे ओढली.

चाक फिरलं.

म्हणजे उघडं होतं! तिने ओढत ओढत ते पार शेवटापर्यंत फिरवलं, हलेनासं झालं तेव्हा सोडलं. चिमटा दोरीवर होता, शहाण्यासारखा. बाबांनी चाक बंद न करताच चिमटा लावला, आणि वर "बंद!" म्हणून ओरडले. थोरला म्हणत होता ते खरं निघालं. रडू आलं तिला. पाण्याने तोंड भिजलेलंच होतं, त्यामुळे आपण रडतोय की नाही हे तिचं तिलाही कळलं नाही. पोचल्यावर काय सांगायचं, ते तिथेच त्या कठड्याला धरून ठरलं.

दुपारी एकदा ती काहीतरी पोटात ढकलायला खाली आली. म्हातारा झोपलेलाच. अंडं सोलताना होडीला असा हिसका बसला की ती भिरकावली जाऊन थेट चुलीवर आदळली. बरगड्या चांगल्याच शेकल्या. पट्ट्याचा लोखंडी हूक चुलीच्या बटणात अडकला होता, तो तिने झटका देऊन सोडवला, शिव्या घातल्या, अंडं कोंबलं आणि पुन्हा वर गेली. जाताना दाराच्या फळ्या लावून घेतल्या, पाणी आत येऊ नये म्हणून.

वर किती वेळ गेला ते कळायला मार्ग नव्हता. आभाळ आणि पाणी एकाच राखाडी रंगाचं झालं होतं. लाट मागून उचलायची, होडी क्षणभर टांगल्यासारखी व्हायची आणि मग खाली आदळायची. शेवटी तिला वाटलं, बाबांना आता उठवावं. पोटात गरम पाणी गेलं तर त्यांनाही हुशारी येईल.

ती खाली उतरली, थर्मास काढला. "बाबा, उठा." म्हातारा हलला नाही. "बाबा!" तो काहीतरी पुटपुटला, तिच्या आईचं नाव घेतलं, आणि पुन्हा पडून राहिला. त्याला हलवायला ती खाली वाकली, आणि तेव्हा वास आला. उभं असताना नव्हता. जमिनीपासून हातभर उंचीवर होता, दाट, कुजक्या कांद्यासारखा, इस्पितळातल्या तिच्या प्रत्येक नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी ओळखायला लावायची तोच.

तिने चुलीकडे बघितलं: बटण अर्धवट फिरलेलं. हूक. दुपारी.

बटण बंद केलं. मग म्हाताऱ्याच्या काखेत हात घालून त्याला ओढलं. एरवी तिला तो उचलता आला नसता, आता कसा उचलला ते तिलाच ठाऊक. जिन्याला टेकवला, दाराच्या फळ्या उपसून काढल्या, त्याचं डोकं बाहेर काढलं. वारा तोंडावर बसला तसा तो खोकला, ओकला आणि डोळे उघडून बघायला लागला.

"गॅस," ती म्हणाली. "खाली सगळीकडे गॅस आहे."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतली झोप एका क्षणात उडाली. "दिवा लावलास?"

"नाही."

"काहीही लावू नकोस. काही बंदही करू नकोस, कुठल्याच बटणाला हात नाही. आधी चाक बघ."

ती मागे सरपटली. आता दोन्ही गुडघे पेटीला टेकवून नीट बसली, उजवा हात आत घातला, कड आपल्याकडे ओढली. चाक फिरलं. फिरतच राहिलं. एक फेरा, आणखी एक, आणखी. पार शेवटापर्यंत उघडं होतं.

म्हातारा अर्धा फेराच उघडायचा. आयुष्यात कधी त्याहून जास्त उघडलं नव्हतं त्याने. "चुलीला तेवढा पुरतो, घाईत बंद करायला सोपं जातं" हे तिने शंभरदा ऐकलं होतं. तिने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. सकाळी हाच हात होता. डावीकडची कड, आपल्याकडे. उलटी. घट्ट बंद असलेलं चाक तिने स्वतः, बंद करते आहे असं समजून, पुरतं उघडलं होतं. जे शोधायला गेली होती तेच हाताला लागलं, म्हणून दुसरी शंकाही आली नाही.

"उघडं होतं?" म्हाताऱ्याने ओरडून विचारलं.

"हो."

त्याचा चेहरा पडला. तिने तो पडताना बघितला, आणि तोंड उघडलं, पण तेवढ्यात तो ओरडला, "पंप!"

होडीच्या तळाशी फळ्यांखाली पाणी साचायचं, त्यात घरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसला एक तरंगता गोळा होता. पाणी चढलं की गोळा वर उचलला जायचा आणि विजेचा पंप आपोआप सुरू व्हायचा. म्हाताऱ्याने जुन्या सामानातून स्वतः जोडलेला पंप. सुरू होताना चट् करून ठिणगी उडायची, दोघांनी कितीदा बघितलेली. दार उघडं ठेवलं तर लाटेचं पाणी आत जाणार, गोळा वर येणार. दार लावलं तर गॅस आतच राहणार. हातपंप होता, पण त्याचं रबर कालच फाटलं होतं.

"मी जातो," म्हातारा म्हणाला आणि उठताना भेलकांडला.

"तुम्ही दुपारपासून त्यातच झोपला होतात! बसा तिथे. गोळा दाबून धरायचा, एवढंच ना?"

"नुसत्या हाताने नाही धरवायचा. वजन ठेव. आणि लोखंडावर लोखंड आपटू देऊ नकोस, कळलं? आपटलं तर आपण दोघंही..." पुढचं तो बोलला नाही.

धाकटीने छाती भरून श्वास घेतला आणि खाली उतरली. गादी ओढली, फळी उचलली. खाली काळं पाणी इकडून तिकडे धावत होतं आणि गोळा त्याच्याबरोबर वर येत होता, खाली जात होता. अजून बोटभर, की पंप सुरू. वजन, वजन. तिची नजर कुकरवर गेली. सकाळचा, काठोकाठ भरलेला, बांधून ठेवलेला. दोरी सोडताना बोटं ऐकेनात. श्वास संपला. वर धावली, डोकं बाहेर काढून हवा प्यायली, पुन्हा खाली. कुकर ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळला, पोटाशी धरला, गुडघ्यावर रांगत आणला. होडी कलली. कुकर हातातून निसटायला लागला तशी ती त्याच्याखाली गेली, हनुवटीवर घेतला. ओठ फुटला. पण आवाज झाला नाही.

तिने तो हळूच गोळ्यावर ठेवला. गोळा पाण्याखाली गेला आणि तिथेच राहिला. बाजूने गादी कोंबून तिने कुकर पक्का केला.

मग बादली. प्लास्टिकची, भाजी धुवायची. तळाशी बुडवायची, जपून उचलायची आणि जिन्यावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या हातात द्यायची. कधी तिच्यात पाणी असायचं, कधी काहीच दिसायचं नाही. त्या काहीच न दिसणाऱ्या बादल्या जास्त जपायच्या होत्या.

"सांडू नकोस," म्हातारा म्हणायचा. रिकामी बादली तो अशा काळजीने कठड्यापर्यंत न्यायचा आणि समुद्रात ओतायचा की बघणाऱ्याने दोघांना वेड लागलंय असंच म्हटलं असतं. एकदा मोठी लाट दारातून आत आली, ती गळ्यापर्यंत भिजली, पाणी फळ्यांवर चढलं. दोघंही जागच्या जागी थिजले आणि ऐकत राहिले. पंप गप्प होता. कुकर जागेवर होता.

"उपस," म्हातारा म्हणाला. तिने उपसायला घेतलं.

वास जायला संध्याकाळ झाली. म्हातारा स्वतः जमिनीवर पालथा पडला, नाक फळ्यांच्या फटीला लावून हुंगत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकला, आणि मग म्हणाला, "गेला." वारा अजून ओरडत होता, पण लाटांचा जोर मोडला होता.

दोघं उघड्या दारात टेकून बसले. कुकर बाहेर काढून, वरून पुसून, तिने झाकण उघडलं. आतल्या भातात बाहेरचं पाणी शिरलं नव्हतं. थंडगार, चिकट, बटाट्याचा गोळा झालेला. एकाच चमच्याने आळीपाळीने खाल्ला. तिचा फुटलेला ओठ मिठाने झोंबत होता.

म्हाताऱ्याने दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला. खिशातून लाल चिमटा काढला. मघाशी कधीतरी जाऊन त्याने तो आणला असणार. बराच वेळ तो बोटात धरून उघडझाप करत बसला.

"मला आठवतंय बंद केलेलं," तो म्हणाला. "अगदी स्पष्ट. कड ओढली, चिमटा लावला. म्हणजे आता जे आठवतं तेही खरं नाही." त्याने चिमटा तिच्यापुढे धरला. "हा तुझ्याकडे ठेव. आणि पोचल्यावर दादाला सांग, होडीला गिऱ्हाईक बघ म्हणावं. मला ठाऊक आहे तुला कशाला पाठवलंय ते. लेकीला मारणार होतो मी आज."

आई गेली तेव्हाही त्याचा आवाज असा तिने ऐकला नव्हता. काही न बोलता चिमटा घेतला की झालं होतं. थोरल्याचं काम झालं असतं, बाबा बिनबोभाट खोलीत गेले असते, आणि कुणाला कधी काही कळलं नसतं. सगळ्यांच्या सोयीचं होतं ते.

"बाबा, चाक तुम्ही बंदच केलं होतं," चिमटा हातात घेत ती म्हणाली. "मी उघडलं."

त्याने मान वर केली.

"तुम्ही झोपल्यावर मी तपासायला गेले. डाव्या हाताने ओढलं. उलटं फिरलं, आणि मला वाटलं मीच बंद करते आहे. मघाशी बघितलं तेव्हा शेवटापर्यंत उघडं होतं. तुम्ही अर्ध्या फेऱ्यापुढे कधी जात नाही."

आता ओरडतील, असं तिला वाटत होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तपासायला," म्हातारा म्हणाला. "आजच?"

"रोज."

"निघाल्यापासून?"

"हो."

"आणि कधी उघडं सापडलं?"

"एकदाही नाही."

म्हाताऱ्याने मान वळवली आणि समुद्राकडे तोंड करून बसला. त्याचे खांदे हलत होते. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही. गॅसच्या बाबतीत तो तिला एका शब्दाने बोलला नाही. रोज ती त्याच्या मागून जात होती, एवढंच त्याला लागलं होतं.

"दादाला हे सांगशील?" त्याने विचारलं.

"हो. जसं झालं तसं."

"चष्म्याचंही सांग. फ्रीजमधल्या. मी विसरतो, ते मला माहीत आहे. म्हणूनच चिमटा आणला ना." त्याने बाहीने नाक पुसलं. मग पुढे होऊन तिच्या हातातून चिमटा काढून घेतला आणि आपल्या कॉलरला लावला. "चहा टाक. घसा सुकलाय."

ती उठली. तोही उठला, कठडा धरत पेटीकडे निघाला, आणि अर्ध्या वाटेत थांबला.

"ये," तो म्हणाला. "इथे उभी राहा आणि बघ. उघडताना बघ, बंद करतानाही बघ. पण माझ्या समोर बघायचं."

ती त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसली. त्याने उजवा हात पेटीत घातला आणि चाक अर्धा फेरा फिरवलं.